तक्रार करील त्याच्या पाठीवर

मी एक परात बोलतेय. पितळी, दीड हात रुंद, एका बाजूने चेपलेली. ती बाजू कशी चेपली हे कुणी विचारलेलं नाही, तरी मी सांगणार आहे. मला इथे दुसरं काम नाही, आणि माझ्यात पाणी पिणाऱ्या वासराला ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.

माझा जन्म पुण्याचा, तांबट आळीतला. जन्म म्हणजे काय, मला बडवलं. माणसाच्या पोराला जन्मल्याबरोबर एक चापट देतात म्हणे, रडावं म्हणून. माझ्या वाट्याला हातोड्याचे ठोकेच ठोके आले. मला घडवणारा ठोके घालता घालता शेजाऱ्याशी गप्पा मारायचा आणि शेजारीही ठोकेच घालत असायचा. एकाचं अक्षर दुसऱ्याला ऐकू जात नसे, पण दोघेही माना डोलवायचे. पुढे मी नवराबायकोचा संसार पाहिला तेव्हा त्यात मला नवीन काही वाटलं नाही.

बुधवार पेठेतल्या एका दुकानातून मला सुहासिनीच्या आईने घेतलं. मुलीच्या लग्नात द्यायला. तिने भीतभीत विचारलं, "टिकेल ना हो?"

दुकानदाराने वर न बघता सांगितलं, "मुलीचा संसार टिकेल तेवढी टिकेल. पुढचं मी लिहून देत नाही."

असा आशीर्वाद घेऊन मी नारायण पेठेत आले. दोन खोल्या, एक खिडकी, आणि त्या दोन्ही खोल्यांना पुरून उरतील एवढे नियम. नियम यज्ञेश्वररावांचे. ते सुहासिनीचे यजमान, एका कचेरीत हेडक्लार्क. चपला कुठे काढायच्या, दुधाचं भांडं कोणत्या अंगाला ठेवायचं, पाहुण्याने किती वेळ बसायचं, सगळं ठरलेलं. फक्त कौतुक करायचा नियम नव्हता. त्यामुळे ते होत नसे. आमटी चांगली झाली तर म्हणायचे, "आज पाहुणे येणार होते का?" सुहासिनीने नवं लुगडं नेसलं तर म्हणायचे, "पडदे बदललेस वाटतं."

मला सुरुवातीला वाटायचं, हा माणूस वाईट आहे. मग पानशेतचा पूर आला. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ. तो माणूस तीन दिवस माझ्यातून गाळ भरभरून बाहेर टाकत होता आणि सुहासिनीला खालच्या पायरीवर पाऊल ठेवू देत नव्हता. तिने वरून विचारलं, "मी येऊ का?" तर म्हणाले, "नको. तुला गाळ नीट काढता येणार नाही." तिचे दिवस भरत आले होते. ते मात्र त्यांनी तोंडातून काढलं नाही. तेव्हा मला कळलं, हा माणूस वाईट नाही. फक्त याच्या तोंडाला सरळ रस्ता नाही.

या माणसाला डोंगराचं वेड होतं. थंडी पडली की तीन दिवसांची रजा टाकून किल्ले आणि मधली डोंगररांग पायी करायची. बरोबर कचेरीतले दोघे. एक अनंत, काडीसारखा बारीक, जीभ मात्र चांगली धारदार. दुसरा हिंदुराव, लोणी काळभोरचा शेतकऱ्याचा मुलगा, दारातून आत यायला जरा आडवा होणारा. आता यात माझा काय संबंध? संबंध यज्ञेश्वररावांनी लावला. गडावर शिळं खायचं नाही, विकतचं खायचं नाही, आणि पाव तर डोळ्यांनीही बघायचा नाही. गडावर गरम भाकरी. भाकरीला पीठ मळायला परात. झालं, निघाले मी शिवाजी महाराजांच्या मुलखात.

पण दीड हाताची पितळी परात डोंगरावर न्यायची कुणी? पहिल्याच वर्षी यावरून भांडण झालं. तेव्हा यज्ञेश्वररावांनी एक नियम केला. जो तक्रार करील, त्याच्या पाठीवर परात. पुढची तक्रार दुसऱ्या कुणी करेपर्यंत ती तिथेच.

पुण्याच्या माणसाला तक्रार करू नको सांगणं म्हणजे माशाला कोरडा राहा सांगण्यासारखं. पण माणसं हुशार. पहिल्याच चढावर अनंतने वाट काढली. करवंदीच्या जाळीत त्याचा सदरा फाटला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "वा! काय आपुलकीचे काटे आहेत. निरोपच देत नाहीत."

यज्ञेश्वरराव म्हणाले, "ही तक्रार."

"छे हो, कौतुक."

झालं. त्या दिवसापासून या मंडळींनी डोंगरात तक्रार केली नाही. नुसतं कौतुक केलं. पाण्यात बेडूक निघाला तर 'जिवंत पाणी'. खिचडी करपली तर 'तळापासून केलेली'. उन्हाने डोकं उठलं तर 'सूर्यनारायण आज जातीने लक्ष घालतायत'. मी त्यांच्या पाठीवरून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, चला, डोंगराने यांना गोड बोलायला शिकवलं. किती भोळी होते मी.

हिंदुराव एकटा यात बसत नव्हता. त्याला दुखलं की तो म्हणायचा, "आयला, गुडघं लय दुखत्यात." दोघे एका सुरात ओरडायचे, "परात!" तो हसून मला पाठीवर घ्यायचा. वर्षानुवर्षं मी हिंदुरावाच्याच पाठीवरून डोंगर पाहिले. चांगली पाठ होती. रुंद होती, मी तिच्यावर नीट मावायचे.

एका वर्षी निघायच्या आदल्या दिवशी सुहासिनी मला चिंचेने घासत होती. घासता घासता म्हणाली, "माझी परात दर वर्षी जाते. मी का नाही?"

यज्ञेश्वरराव पंचांग बघत होते. "परात बोलत नाही."

"मग मीही बोलणार नाही."

"तिला दम लागत नाही."

"तिला तुम्ही कधी विचारलंय?"

यावर त्यांच्याकडे नियम नव्हता. मुलीला आजोळी ठेवून सुहासिनी आली. पाचवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात मुलीचे शाळेचे कॅनव्हासचे बूट, पिशवीत कांदा चिरायची सुरी. सुरी बघून अनंत म्हणाला, "वहिनी, गनिमाची तयारी जय्यत आहे."

"गनीम घरचाच आहे भावजी," सुहासिनी म्हणाली. यज्ञेश्वरराव हसले नाहीत, पण त्यांना ते आवडलं असावं. कारण नंतर बराच वेळ त्यांनी तिला चुकून पुढे चालू दिलं.

कोणते किल्ले, कोणती रांग, हे मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तुम्ही सगळे तिथे उभे राहाल. एवढंच सांगते, की पहिले दोन दिवस चढण, उतरण, गवत आणि वारा यांत गेले. मी नेहमीप्रमाणे हिंदुरावाकडे. तिसऱ्या दिवशी एक आडवा कडा पार करून पलीकडच्या गडावर जायचं होतं. दर वर्षी मंडळी खालून वळसा घालून जायची. या वर्षी यज्ञेश्वररावांनी ठरवलं, कड्यावरूनच. बायकोला पहिल्यांदा आणलं होतं ना. खालून नेली असती तर तिने काय म्हटलं असतं? तिने काहीच म्हटलं नसतं. पण हे त्यांना कोण सांगणार?

त्या सकाळी सुहासिनीने तीन दगडांवर चहा केला. लाकडं ओली होती. यज्ञेश्वररावांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "धूर लागलाय चहाला."

अनंतने पेला खाली ठेवला आणि कोर्टात विचारावं तसं विचारलं, "साहेब, हे निरीक्षण की तक्रार?"

"निरीक्षण."

"तक्रार," सुहासिनी म्हणाली. "चहा मी केलाय. मला कळतं."

हिंदुरावाने मला पाठीवरून उतरवलं आणि दोन्ही हातांनी, नारळ द्यावा तसं, साहेबांपुढे धरलं. "घ्या साहेब. लय वाट बघितली तिनं."

नियम त्यांचाच, मोडणार कसा? पण नुसती पाठीवर बांधतील तर ते यज्ञेश्वरराव कसले. सुंभाची दोरी त्यांनी माझ्यावरून, खांद्यांवरून घेतली आणि छातीवर आणून एक गाठ मारली. "ही गाठ सुटत नाही," ते म्हणाले. खरंच होतं ते. अगदी खरं.

आणि मग तो कडा आला.

उजव्या हाताला सरळ उभा कातळ. डाव्या हाताला काही नाही. म्हणजे कोकण होतं, पण फार खाली. मध्ये वाट. वाट म्हणजे एक पाऊल मावेल एवढी कातळाची किनार, तीही गवताने झाकलेली. जरा पुढे कातळाला पोट सुटलं होतं, तिथे ती किनार आणखी अंग चोरून जात होती. आधी अनंत गेला, त्याला वाट काही कमी पडली नाही. मग हिंदुराव, कातळाला मिठी मारून, "आई आई" करत. मग सुहासिनी. ती एकदाही खाली न बघता, भाजी आणायला निघाल्यासारखी गेली. शेवटी यज्ञेश्वरराव. पुढाऱ्याने शेवटी जायचं, हाही नियमच.

पोट सुटलेल्या कातळापाशी माझी कड अडकली.

त्यांनी पाऊल पुढे टाकलं, की मी कातळावर घासायचे आणि त्यांना डावीकडे ढकलायचे. मी मुद्दाम करत नव्हते. मी दीड हात रुंद, त्यांची पाठ एक हात. उरलेला अर्धा हात कुठे ठेवायचा? एकदा ढकललं. दुसऱ्यांदा ढकललं. तिसऱ्यांदा त्यांची डावी टाच किनारीच्या बाहेर गेली आणि एक दगड सुटला. तो खाली पोचल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मग ते थांबले. दोन्ही हात कातळावर पसरले आणि थांबले.

त्यांची पाठ मला लागून होती. सदरा भिजला होता. आत काहीतरी बडवल्यासारखं चाललं होतं. बडवण्याची मला जन्मापासून ओळख. मला कळलं.

पलीकडे एका सपाट जागेवर तिघे बसले होते. अनंत ओरडला, "काय साहेब, का थांबलात?"

आता एखादा साधा माणूस म्हणाला असता, मेलो, वाचवा. यज्ञेश्वरराव म्हणाले, "वा! काय देखावा आहे इथून. जरा बघतो."

"बघा बघा. सावकाश," अनंत म्हणाला. "फोटो काढू का?"

"वारा काय छान सुटलाय."

"साहेबांना आज कविता होतेय!"

हिंदुरावही हसला. वर्षानुवर्षं त्यांनी एकमेकांना हेच तर शिकवलं होतं. काटा रुतला तरी वा, टाळू तापली तरी वा. आता एक माणूस कड्यावर मरायला टेकला होता आणि वा म्हणत होता, आणि बाकीचे दाद देत होते. वारा माझ्यात भरायचा आणि मला बाहेर ओढायचा. यज्ञेश्वररावांची बोटं पांढरी झाली होती. मी मनातल्या मनात ओरडले. पण पितळेचं ओरडणं ऐकू यायला आधी कुणीतरी ठोकावं लागतं.

सुहासिनी बुटाची नाडी बांधत होती. तिचा हात थांबला.

मी तिच्या घरात जन्म काढला होता, म्हणून मला तिचं कळलं. या माणसाचं कौतुक तिला पाठ होतं. त्यात कुणाला तरी चिमटा असायचाच. आमटीला असायचा, पाहुण्याला असायचा, नाहीतर तिला असायचा. 'वारा छान सुटलाय' यात कुणालाच चिमटा नव्हता.

ती उठली. "भावजी, हसू नका."

"अहो वहिनी, येतील ते."

"नाही येणार," ती म्हणाली आणि पिशवीतून सुरी काढून परत त्या किनारीवर आली. हिंदुरावाचं हसू गेलं. तो तिच्या मागोमाग जेवढं येववलं तेवढा आला आणि तिच्या पदराचं टोक मनगटाला गुंडाळून कातळाला चिकटून उभा राहिला. सुती पदराने माणूस झेलला जातो असं त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. पण त्याने तो सोडला नाही.

ती यज्ञेश्वररावांच्या अगदी समोर आली. एक हात कातळावर.

"काय झालं?"

"काही नाही. छान आहे."

"अहो, मी विचारतेय, काय झालं?"

"काही तक्रार नाही."

तिने त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. "परात तुमच्याच पाठीवर आहे. आणखी काय देणार आहेत तुम्हाला? बोला आता."

वारा थांबला नाही, काही थांबलं नाही. तेवढ्यात एक घार आमच्या खालून गेली. आमच्या *खालून*. मग तो माणूस हळूच, शाळेतल्या पोराने मास्तरांना सांगावं तसं, म्हणाला,

"सुहास, मला भीती वाटतेय. पाय उचलत नाहीये."

"कुठला?"

"दोन्ही."

"बरं," ती म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे असं कुणी सांगितल्यावर म्हणते तसं. "परात ओढतेय तुम्हाला. मी ती सोडते."

"अगं, आईने दिलेली तुझ्या."

"आईने तुम्हालाही दिलंय. दोन्ही एकदम सांभाळता येत नाही."

मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. खोटं कशाला बोलू. पण माझ्या ठोक्यांत मला घडवणाऱ्याचं काही शहाणपण उतरलं असेल, तर ते एवढंच, की कधी आपण वस्तू आहोत हे ओळखावं. तिने छातीवरच्या गाठीत सुरी घातली. न सुटणारी गाठ. दोरी कापली जाताना ते बिचारे गाठीकडे बघत होते.

आणि मी गेले.

पडताना मी पुष्कळ वाजले. आयुष्यात एवढी कधी वाजले नव्हते. एका कातळावर आपटून ही बाजू चेपली, मग एका झुडपावर, मग दरीतल्या करवंदीत जाऊन पालथी पडले. मग सगळं शांत झालं. वर काय चाललंय ते दिसत नव्हतं. फक्त सुहासिनीचा आवाज बारीक येत होता. "माझ्याकडे बघा. खाली काय नवीन आहे? माझ्याकडे बघा. उजवा. हां. आता डावा." मध्येच काही नाही. पुन्हा, "उजवा." मी पालथी पडून ऐकत होते. बऱ्याच वेळाने हिंदुराव एवढ्या मोठ्याने ओरडला की दरीतली वानरं पळाली. "आलं! साहेब आलं हो!"

तेव्हा मी श्वास सोडला. परातीला श्वास नसतो, हे मला माहीत आहे.

नंतर मला पावसाने धुतलं, उन्हाने तापवलं, आणि बकऱ्यांनी माझ्यावर काय केलं ते सांगण्यासारखं नाही. शेवटी सोजरबाईने मला उचललं. ती खालच्या वाडीतली, बकऱ्या राखणारी. तिने दगडाने माझी चेप काढायचा प्रयत्न केला. अर्धी निघाली. बाकीची तिने 'असू दे' म्हणून सोडली.

पुढच्या थंडीत यज्ञेश्वरराव आणि सुहासिनी खालच्या वाटेने त्या वाडीत आले. एसटीने, तिकीट काढून, नीट माणसासारखे. मी अंगणात होते, वासरू माझ्यात पाणी पीत होतं. सुहासिनीने मला लगेच ओळखलं. वाकून माझ्या कडेवरून बोट फिरवलं.

सोजरबाई म्हणाली, "तुमची असंल तर न्या, बया."

"नको. घरी आता स्टीलची आणलीय."

स्टीलची! इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर हे ऐकायचं माझ्या नशिबी होतं. पण तिचं बोट माझ्या चेपेवर अजून फिरत होतं, म्हणून मी गप्प बसले.

यज्ञेश्वरराव दगडावर बसून वर कड्याकडे बघत होते. सोजरबाईला म्हणाले, "बाई, मी तिथे अडकलो होतो मागच्या वर्षी. फार घाबरलो होतो."

हे एवढं वाक्य त्या माणसाने अनोळखी बाईला, कुणी न विचारता, सरळ सांगितलं. सुहासिनीने मान फिरवली आणि बकऱ्यांकडे बघत राहिली.

सोजरबाईने तोंडाला पदर लावला. "मग त्यात काय? तिथं समदंच घाबरतंय. आमच्या बकऱ्याबी जात न्हाईत तिकडं."

आता सोजरबाई नाही. तिची सून शालू मला वापरते. पितळ कसलं, काळी पडलेय मी. चेपलेल्या बाजूने पाणी गळतं, म्हणून वासरू त्या अंगाने पीत नाही. आणि मी न सांगताही त्या कड्याचा पत्ता तुम्हाला लागलाच. शनिवार-रविवार वाडीत गाड्या मावत नाहीत. रंगीत बूट, डोक्याला शिरस्त्राणं, कमरेला पट्टे, हातात मोबाइल. वरून आवाज येतात, "गाईज, व्ह्यू बघा! कसला भारी! सॉलिड!" सगळ्यांना सगळं भारीच वाटतं. तक्रार कुणाचीच नाही. केवढी सुखी माणसं.

मी त्यांचे शब्द ऐकत नाही. आवाज ऐकते. एखादा 'सॉलिड' मध्येच बारीक होतो, कापतो. त्याचे मित्र टाळ्या वाजवतात. माझं पितळ गार पडतं.

बाबांनो, या. डोंगर कुणाच्या बापाचा नाही. पण पाय उचलत नसेल तर शेजारच्याला तसं सांगा, साध्या शब्दांत, वर असतानाच. तो हसला तर पुन्हा सांगा. खाली मी आहे खरी. पण मी भाकरीची परात आहे. माझ्यात पीठ मावतं, वासराचं पाणी मावतं. तुम्ही मावणार नाही.